धामण का ओकायची

१८ जुलै, शुक्रवार. सकाळपासून लाइट नाही म्हणून गिरणी बंद आहे, आणि आमचे मालक मला पेटी धुवून ठेवायला सांगून हळदीला खत द्यायला गेले आहेत. पेटी म्हणजे लाकडी खोकं. दळणाचे चार डबे ओळीने मावतील एवढं लांब, वर बारीक जाळी, एका बाजूला सरकती फळी. चार वर्षं ते गिरणीमागच्या शेडात बारदानाखाली पडून होतं. मी बारदान काढलं, जाळी झटकली, दोन बादल्या पाणी ओतलं आणि ब्रश घेऊन घासायला बसले. निम्मं घासून झालं आणि उठले. हात पुसले. लेकीची कॉलेजातली अर्धी कोरी वही फळीवर होती, ती घेतली.

आता लिहिते ते मी कुणाजवळ बोललेले नाही. मालकांजवळ नाही, लेकीजवळ नाही. आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडेच होती. रोज दुपारी तिचे पाय चेपताना गावातलं सगळं तिच्या कानावर घालायचे — हे नाही घातलं. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं सोपं जाईल. की ही पण पळवाटच? बघू.

तसं पाहिलं तर मी मनात ठेवणारी बाई नाही. आमच्या हट्टा गावात कुणालाही विचारा. ज्वारीत खडे निघाले तर डबा परत करते आणि कारण तोंडावर सांगते. गिरणीच्या दगडाला टाकी लावायची राहिली असेल, पीठ जाड येणार असेल, तर तेही आधी सांगते. लोक नावं ठेवतात आणि दळण माझ्याकडेच आणतात. मग हे एकच कसं राहून गेलं? चार वर्षं? स्वतःचाच राग येतो, आणि राग आला की मी कामाला लागते. आज नेमकं कामच ते निघालं.

तर, धामण.

मालक साप पकडतात. पोटासाठी नाही, पोटासाठी शेती आहे. कुणाच्या घरात साप निघाला की यांना फोन येतो, हे ताटावरून उठतात, साप पकडून रानात सोडून येतात. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यात किती ताटं झाकून ठेवली ते विचारू नका. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकडेला कुणीतरी टाकून दिलेल्या मासे धरायच्या जाळ्यात एक धामण अडकली होती. नायलॉनचा दोरा तीन ठिकाणी कातडीत रुतलेला. यांनी तो कात्रीने कापून काढला, वनखात्याच्या माणसाला फोन करून कळवलं, आणि जखमा भरेपर्यंत सांभाळू म्हणून तिला घरी आणलं. आठ-पंधरा दिवस, असं म्हणाले होते. जखमांना हळद-तेल लावायचे, तिच्याशी बोलायचे. माझ्याशी दिवसभरात बोलत नसतील तेवढं.

धामण विषारी नसते. मला तिची भीती नव्हती आणि प्रेमही नव्हतं. उंदीर मात्र माझ्याकडे होते. पिठाच्या गिरणीत उंदरांना काय तोटा? म्हणून ठरलं ते असं, की पिंजरा मी लावायचा आणि आठ दिवसांनी एक मेलेला उंदीर चिमट्याने तिच्यापुढे धरायचा. मालक सकाळी सातला शेतावर जात, दिवस मावळता परत येत. दिवसभर पेटी माझ्या ताब्यात.

पहिला उंदीर तिने झडप घालून धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीतून मागे गेले तर वास. मी गिरणीवाली आहे, कुबट धान्य, किडलेली डाळ, पट्टा जळाला तर त्याचा वास — सगळे वास मला माहीत आहेत. हा वेगळाच. उंदीर पेटीच्या कोपऱ्यात पडला होता, लांबट झालेला, केस चिकटलेले, तोंडाकडून विरघळायला लागलेला. आणि ही दुसऱ्या कोपऱ्यात वेटोळं करून बसलेली, जणू तिचा काही संबंधच नाही.

मी पेटी धुतली. आठ दिवसांनी दुसरा उंदीर. तिसऱ्या दिवशी तो बाहेर. पुन्हा पेटी धुतली. मग लहान उंदीर दिला, तोही टाकला. मालकांनी हिंगोलीच्या एका साप पकडणाऱ्या मित्राला फोन केला, तो म्हणाला पंधरा दिवस काहीच देऊ नका, पोटाला विसावा द्या. दिला विसावा. सोळाव्या दिवशी बोटाएवढं पिल्लू दिलं. टाकलं. एकदा यांनी कुठून तरी बेडूक आणला, तोही गेला कोपऱ्यात. जून गेला, जुलै गेला. आठ-पंधरा दिवसांची पाहुणी अडीच महिने घरात, आणि तिच्या पाठीचा कणा आता कातडीतून दिसायला लागलेला.

तुम्ही कधी कुणाला जेवायला घालून ते उलटून आलेलं पाहिलं आहे का — पुन्हा पुन्हा? लेकराचं असतं तर माणूस कळवळतो. मला राग यायचा. पिंजरा लावा, उंदीर मारा, चिमट्याने धरा, अर्धा तास उभं राहा, हिने खाल्लं म्हणून जरा बरं वाटू द्या — आणि मग तो वास. भिंतीपलीकडे गिरणी. बाया दळणाला येतात, नाकाला पदर लावतात. एकजण म्हणाली, तुमच्या पिठाला साप लागला. हसत म्हणाली, पण म्हणालीच ना? मी फिनेलची बाटली घेऊन मागे गेले.

इथे मला थांबावं लागेल. कारण मी सांगायच्या गोष्टी मागेपुढे करून सांगते आहे, आणि ते मला कळतं आहे.

पेटी आणली त्याच दिवशी मालकांनी मला एक गोष्ट सांगितली होती. साप खाल्ल्यावर चार-पाच दिवस त्याला हात लावायचा नाही. उचलायचं नाही, पेटी हलवायची नाही, फिनेल तर नाहीच. तो घाबरला की पोटातलं टाकून देतो. पोट भरलेलं असलं की पळता येत नाही, म्हणून. एवढं साधं. मी ऐकलं होतं. मान हलवली होती.

आणि मी काय करायचे? तिने खाल्लं की दुसऱ्या दिवशी सकाळी, हे शेतावर गेले की, तिला काठीने उचलून गोणीत घालायची, गोणीचं तोंड बांधायची, पेटी अंगणात ओढून फिनेलच्या पाण्याने खसखसून धुवायची, उन्हात तासभर ठेवायची, आणि मग तिला परत आत सोडायची. पहिल्या उंदरापासून. पहिल्या दिवशी तर काही घाणही नव्हती, रक्ताचा एक थेंब फळीवर लागला होता. मला तो थेंब बघवेना. गिरणीच्या मागे रक्त? मी धुतलं. मग ती ओकली म्हणून धुतलं, पुढच्या वेळी ओकू नये म्हणून आधीच धुऊन ठेवलं. मी धुवायची म्हणून ती ओकायची, आणि ती ओकायची म्हणून मी धुवायची. अडीच महिने हे असं चाललं.

तेव्हा कळत नव्हतं का? एकदा मालकांनी विचारलं, खाल्ल्यावर हात तर लावत नाहीस ना? मी न्हाई म्हणाले. लगेच. ज्या माणसाला खरंच माहीत नसतं तो जरा तरी विचार करतो. मी विचार केला नाही. यावरून तुम्हीच ठरवा.

पण मी लिहायला बसले ते धामणीसाठी नाही. सापाशी खोटं बोलता येत नाही. माणसाशी येतं.

संगीता माझी धाकटी जाऊ. माझा दीर गजानन वसमतला हळदीच्या गोदामात कामाला, सकाळी जातो तो रात्री येतो. आमची दोन घरं एका अंगणात, समोरासमोर. ती मला अक्का म्हणते. तेव्हा तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, वय सदतीस, आणि मूल नव्हतं. नांदेडला दवाखाना चालू होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आता वाट बघू नका, दिवाळीनंतर पुढचे उपचार सुरू करू, वय थांबत नाही. मीच तिच्याबरोबर गेले होते त्या दिवशी. येताना बसमध्ये ती सारखी पिशवीतले कागद काढून बघत होती.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे धाकटी भावजय थोरल्या दिराशी बोलत नाही. तो समोर आला तर डोक्यावर पदर घेऊन ती बाजूला होते, तोही तिच्याकडे बघत नाही. रुसवा नाही काही, मान आहे. काही विचारायचं असलं तर तो मला सांगतो, मी तिला विचारते, ती मला सांगते, मी त्याला. शहरात हसतील. आमच्या अंगणात पंधरा वर्षं असंच चालत आलं, आणि कधी अडलं नाही. आज दुधाचा चहा की कोरा, हळदीला मजूर किती, गजाननचा ताप उतरला का — सगळं माझ्या तोंडून इकडून तिकडे. मी निरोप कधी बदलला नव्हता. भाजीत मीठ जास्त झालं असं ते म्हणाले तरी तसंच्या तसं पोचवलं आहे.

त्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी धामणीला उंदीर दिला. पंचमीला सकाळी बाया पूजेला येतील, तोवर वास नको, म्हणून नेहमीप्रमाणे तिला गोणीत घालून पेटी धुतली. त्या दिवशी तर जास्तच. सणाच्या दिवशी बाईमाणसाने चिरू नये, तळू नये, तव्यावर काही टाकू नये. सापाला गोणीत कोंबू नये असं काही कुणी सांगितलेलं नाही.

दहाच्या सुमारास संगीता ताट घेऊन आली. गिरणी चालू होती, पट्ट्याच्या आवाजात तिने दोनदा विचारलं, अक्का, आत दुधाची वाटी ठेवू का? साप दूध पीत नाही हे मला माहीत होतं. मालकांनी गावाला ओरडून ओरडून सांगितलं आहे. पण माझ्यासमोर चार डबे होते. ठेव बाई, म्हणाले. तिने फळी सरकवली, वाटी आत ठेवली, हात जोडून बराच वेळ उभी राहिली. ती काय मागत असेल ते मला न विचारता कळत होतं. ओकून ओकून धामणीचं अंग सुकलं होतं. तहानलेल्या जिवाला दूध काय आणि पाणी काय, तिने तोंड बुडवलं. संगीताला वाटलं, नागदेवता पावली. माझ्याकडे धावत आली सांगायला.

पंचमीला रानात नांगर-वखर चालत नाही, माती खणत नाहीत. म्हणून मालक त्या दिवशी सकाळी शेतावर नुसती चक्कर मारून लवकर घरी आले होते. दुपारी जेवून मागे गेले आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. पेटीत उंदीर पडला होता. शेजारी कलंडलेली वाटी, सगळीकडे दूध आणि त्यात ती. शेजारच्या दोघी-तिघी आवाज ऐकून आल्या. संगीता तिच्या दाराशी उभी, पदर डोळ्यांपर्यंत.

दूध कुणी दिलं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, संगीतानं. हे खरं होतं.

मग ते वाकले, जाळीला नाक लावलं. म्हणाले, "फिनेलचा वास येऊन राहिला."

ते तसेच वाकलेले होते, आणि मला वाटलं की आता मान वर करतील आणि माझ्याकडे बघतील. अठ्ठावीस वर्षांत — तेव्हा चोवीस — त्यांनी मला कधी खोटारडी म्हटलं नव्हतं. शेजारणी उभ्या होत्या. त्यातली एक तीच, पिठाला साप लागला म्हणणारी.

पण त्यांनी दुधाकडे बघितलं आणि म्हणाले, "तिला विचार, याच्याआदी किती येळा पाजलं."

मी अंगण ओलांडून गेले. तिला विचारलं. ती म्हणाली, "पयल्यांदाच ठेवलं, अक्का. तुमाला इचारून तर ठेवलं. त्यायला सांगा."

मी परत आले. काय म्हणाली, त्यांनी विचारलं. आणि मी खालच्या आवाजात म्हणाले, "बराबर सांगत न्हाई. असंल पाजलं आदीबी."

असंल. पाजलंच असं म्हणाले नाही. शपथेवर विचारलं असतं तर म्हणता आलं असतं की मी कुठे खोटं बोलले? हा विचार तेव्हाच केला होता का? नाही, पण नंतर पुष्कळदा केला. त्याने काही फरक पडत नाही. त्या घरून या घरी येईपर्यंत मी तिचं म्हणणं बदललं, आणि ते बदललं हे तिला कळणारही नव्हतं, कारण ती कधी त्यांना जाऊन विचारणार नव्हती. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुठल्या घरात हे जमलं नसतं.

मालक तिला थेट काही बोलले नाहीत, बोलणारही नव्हते. आभाळाकडे तोंड करून बोलले — मुक्या जिवाला दोन-तीन महिने तकलीफ दिली, चोरून दूध पाजून पाजून आतडं सडवलं, आणि याला पूजा म्हणतात. सगळ्यांनी ऐकलं. संगीताला वाटलं, मी तिचा निरोप सांगूनही त्यांनी विश्वास ठेवला नाही. ते आत गेल्यावर शेजारणींपैकी थोरली म्हणाली, सापाला छळलं की बाईची कूस उजवत नाही. हळू म्हणाली, पण दारात उभ्या माणसाला ऐकू जाईल इतपतच हळू.

मी असल्या गोष्टी मानत नाही. साप म्हणजे साप. मी मानत नाही म्हणून मला वाटलं, आठ दिवसांत विसरतील. माझा हिशेब तिथेच चुकला — मी न मानण्याने काय होतं? मानत ती होती.

पुढच्या आठवड्यात मला ताप आला. सांधे धरले, वाकता येईना, पाच दिवस खाटेवर. मालकांनी स्वतः धामणीला उंदीर दिला आणि पेटीकडे कुणी फिरकलं नाही. सहाव्या दिवशी मी भिंत धरून मागे गेले. पेटीत वास होता, पण तो नाही. कोपऱ्यात विष्ठा पडली होती, शेवटाला खडूसारखी पांढरी. उंदीर कुठे नव्हता. तिने तो पचवला होता.

शंका होती तोवर ठीक होतं. आता शंका राहिली नाही.

इतक्यात मालक आले. त्यांनी बघितलं, आणि आनंदाने माझ्या पाठीवर थाप मारली — हे ते कधी करत नाहीत. म्हणाले, बघ, दूध बंद झालं की पचलं.

बोला. आता काय बोलणार होते मी? एक वाक्य होतं. पेटी मी धुवायचे, संगीतानं दूध एकदाच ठेवलं. मोजून दहा शब्द नसतील. मी म्हणाले, व्हय.

अडीच महिन्यांची झीज एका उंदराने भरून येत नाही. गणपती उठले त्याच आठवड्यात धामण मेली. मालकांनी तिला बांधावर पुरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी संगीता माझ्याकडे आली, उंबऱ्याच्या आत पाय न टाकता बाहेरच बसली, आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "मह्या हातून पाप झालं, अक्का. एकदाच ठेवलं, पन ठेवलंच ना."

मी तिला उठवलं. म्हणाले, जाऊ दे, झालं ते झालं.

हे मला सगळ्यात जास्त छळतं. खोटं बोलले ते भीतीने असेल. गप्प राहिले ते लाजेने असेल. पण इथे तर कुणी विचारतही नव्हतं. इथे मी तिला माफ केलं.

दिवाळीनंतर तिला नांदेडला जायचं होतं. ती गेली नाही. आधी दोष फिटू दे, म्हणाली. दोष असताना दवाखाना करून काय उपयोग? दर महिन्याच्या पंचमीला उपास धरला. नाशिककडे जाऊन कसला तो विधी करून आले दोघं. चांदीचा नाग वाहिला. गजानन सुरुवातीला चिडला, मग तोही गप्प झाला. मी तिला किती समजावलं असेल! वेडी आहेस का, म्हणाले. सापाचा आणि पोटाचा काय संबंध, म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं आठव, वय थांबत नाही, म्हणाले. चिडून बोलले, गोडीने बोलले, लेकीला फोनवरून बोलायला लावलं. सगळं सांगितलं तिला. जे सांगितल्यावर ती दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसली असती, तेवढं सोडून.

अडीच वर्षं गेली. मग तिच्या आईने हट्टाने तिला नांदेडला नेलं. मी पण गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या पाहिल्या आणि विचारलं, मधली वर्षं का आला नाहीत? तेव्हा आशा होती, आता फारशी नाही. संगीताने उत्तर दिलं नाही, कारण डॉक्टरला साप कसा सांगायचा? आणि मी खुर्चीत बसले होते, पिशवी मांडीवर, आणि उत्तर मला माहीत होतं.

आता ती एक्केचाळीस वर्षांची आहे. आधी गेली असती तर मूल झालंच असतं असं मी म्हणत नाही. तेवढी अक्कल मला आहे. पण ती अडीच वर्षं तिची होती, आणि ती माझ्यामुळे गेली. याला दुसरं काही नाव नाही.

मग आजच का? काल मालकांना आणखी एक धामण सापडली आहे, ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर लागून शेपटीकडे जखमी. मित्राच्या शेतात टोपलीखाली ठेवली आहे, आज दिवस मावळता घरी आणतील. म्हणून पेटी. आणि सकाळी निघताना म्हणाले, तिला सांगून ठेव, या वेळी पेटीजवळ येऊ नको म्हणावं.

मी गेले. सांगितलं. निरोप तसाच्या तसा पोचवला. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "न्हाई येत. मही सावलीबी पडू देत न्हाई, अक्का."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. तिने ते असं म्हटलं जसं मला कुणी गिरणीच्या पट्ट्यापासून लेकरं दूर ठेवायला सांगावं आणि मी बरं म्हणावं. चार वर्षांत तिला ते तसंच वाटायला लागलं आहे. आणि मी तिथून येऊन पेटी घासायला बसले. फिनेलची बाटली सवयीने हातात घेतली होती. ती परत ठेवली आणि हे लिहिलं.

१९ जुलै, शनिवार. काल लिहून मी वही मिटली होती, पण इथे थांबणं बरोबर नाही.

आज सकाळी सातला मालक शेतावर निघाले तेव्हा मी त्यांना थांबवलं. संगीताला हाक मारली. ती तिच्या दाराशी आली, पदर घेऊन, नेहमीसारखी. गजानन आत आंघोळीला गेला होता. मी अंगणाच्या मध्ये उभी राहिले, म्हणजे दोघांनाही एकाच वेळी ऐकू जाईल, आणि गिरणीत बोलते तेवढ्या आवाजात बोलले. खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी मी धामणीला गोणीत घालून पेटी धुवायचे, दर वेळी, फिनेलने. मला नको सांगितलं होतं तरी. संगीताने दूध एकदाच ठेवलं, तेही मला विचारून. तिने मला तसंच सांगितलं होतं. मी यांना ते सांगितलं नाही, दुसरंच सांगितलं. धामणीने उंदीर पचवला तेव्हा मला सगळं कळलं होतं.

कारण दिलं नाही. होतं कुठे?

मालकांनी हातातली किल्ली खिशात ठेवली. संगीता उंबऱ्याला धरून उभी होती. मला वाटलं रडेल, किंवा मला काही बोलेल. दोन्हीची तयारी केली होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. पदर तसाच, नजर खाली, पण तोंड त्यांच्याकडे करून ती बोलली. पंधरा वर्षांत त्यांच्याशी पहिल्यांदा.

"म्या एकदाच ठेवलं होतं," ती म्हणाली.

"व्हय," ते म्हणाले. ते तिच्याकडे बघत होते.

मी मधून बाजूला झाले.